बिनखांबाचा पोर्च

आमच्या धंद्यात ‘स्लॅब पडला’ ही आनंदाची बातमी असते. लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा साइटवरून नवऱ्याला फोन करून सांगितलं, ‘पडला बाबा एकदाचा स्लॅब, आता निघते.’ तो बँकेतला माणूस. रजा टाकून धावत साइटवर आला आणि कुणाला लागलं तर नाही ना, असं विचारायला लागला. स्लॅब पडला म्हणजे काँक्रीट टाकून झालं, फळ्यांवर सळयांची जाळी होती ती आता झाकली गेली, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी आमच्या ठेकेदारानं त्याला पेढा दिला आणि त्यानं तो गोंधळलेल्या चेहऱ्यानं खाल्ला. मी अजून त्याला त्यावरून चिडवते.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. ऑफिस नगरला. शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, मीही पत्त्यात तसंच लिहिते, पण तोंडात नगर बसलंय ते बसलंय. माहेर राहुरीजवळच्या गावात, मुळेच्या कालव्यावर आमचा ऊस. कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हुशार पोरगी निघाली तर ती तिथंच जाणार, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी सिव्हिलला जाते म्हटल्यावर वडील म्हणाले, ‘इद्यापीठ दारात हाय आन् तू शिमिटात जातीस व्हय?’ मी म्हटलं, जाते. ते आईकडे वळून म्हणाले, ‘हिचं डोकं माज्यावर गेलंय, हिला आडवून उपेग न्हाई.’ ते खरंच होतं. मला अडवून आजवर कुणाचा फायदा झालेला नाही.

पहिली नोकरी मी ज्यांच्याकडे केली त्यांना मी सर म्हणते. पुढे माझं स्वतःचं ऑफिस झालं, माझ्या हाताखाली माणसं आली, तरी ते सरच राहिले आणि मी त्यांच्यासाठी ‘अगं’च राहिले. आयुष्यभर त्यांनी गोदामं बांधली, कारखान्याच्या कामगारांच्या चाळी बांधल्या, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या. सगळं भक्कम आणि सगळं दिसायला सारखं. लोकांना वापरायला लागतं पण मान वर करून कुणी बघत नाही, असं काम. सर हे स्वतःच सांगायचे आणि हसायचे. पण त्या हसण्यात थोडी खंत असायची, ती मला त्यांच्या टेबलासमोर बसून बसून कळायला लागली होती.

आमची इंजिनियरांची संघटना सरांनी उभी केली. संघटना म्हटलं की लोकांना वाटतं निवडणूक, हारतुरे, वर्षातून एकदा सहकुटुंब हुरडा पार्टी. ते सगळं आमच्याकडेही आहे आणि हुरडा तर फार चांगला असतो. पण आमच्याकडे आणखी एक रीत आहे, आणि तिच्यामुळे मी या संघटनेत टिकले. तिला आम्ही परकी नजर म्हणतो. सभासदाच्या कुठल्याही कामावर स्लॅब टाकायचा असेल तर त्या दिवशी दुसऱ्या एका सभासदानं तिथं जायचं, ज्याचा त्या कामाशी काडीचा संबंध नाही अशानं. त्यानं फळ्या, टेकू, सळया बघायच्या आणि एकच शब्द बोलायचा. टाका, किंवा थांबा. काँक्रीटची गाडी दारात येईपर्यंत तो शब्द द्यायचा नाही, कारण सकाळी बरोबर असलेलं दुपारपर्यंत बरोबर राहीलच असं नाही. त्याआधी चहाही घ्यायचा नाही. आणि थांबा म्हटलं तर ज्याचं काम असेल त्यानं जागेवर वाद घालायचा नाही. सरांचं म्हणणं असं की स्वतःच्या कामातली चूक डोळ्याला दिसतच नाही, कारण तिथं काय असायला हवं ते त्याला आधीच ठाऊक असतं.

मला हे काम आवडायचं. कुणी काहीही म्हणो, लोकांना थांबवण्यात एक मजा असते. कोपरगावला गोदाकाठच्या काळ्या मातीत उभ्या केलेल्या टेकूंखाली फळ्याच घातल्या नव्हत्या, रात्रीच्या दवानंसुद्धा ते खचले असते, तिथं मी थांबा म्हटलं. शनिशिंगणापूरला एका घराचा स्लॅब बघायला गेले. तिथल्या घरांना चौकट असते पण दार नसतं. मी सळया मोजण्यात जरा जास्तच वेळ घेतला, तेव्हा घरमालक वैतागून म्हणाला, ‘म्याडम, आमच्या घराला कडी न्हाई, कुलूप न्हाई, आन् तुमी थेट सलाबालाच कुलूप घालाया निघाल्या.’ मी हसले, आणि तरीही थांबवलंच. पुढे पुढे माझं नावच थांबा मॅडम पडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग मी संघटनेची अध्यक्ष झाले आणि त्याच वेळी आमच्या स्वतःच्या सभागृहाचं काम सुरू झालं. इतकी वर्षं आमच्या बैठका कुणाच्या तरी ऑफिसात, नाहीतर मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत व्हायच्या. जिल्ह्यातली निम्मी घरं आम्ही बांधली आणि आम्हालाच बसायला जागा नाही, हा विनोद सगळ्यांना पाठ झाला होता. सभागृहाचं डिझाईन कुणी करायचं यावर चर्चा झालीच नाही. सर करणार हे ठरलेलंच होतं.

सरांनी सभागृह नेहमीसारखं साधं काढलं, पण पुढे पोर्च काढला तो बिनखांबाचा. दारातून सरळ बाहेर आलेला, खाली एकही खांब नाही, नुसता हवेत धरलेला. त्यांनी मला नकाशा दाखवला तेव्हा कागदावर हात ठेवून म्हणाले, ‘रस्त्यानं जाणारा माणूस वर बघेल की नाही?’ मी म्हटलं, बघेल. ‘मग झालं. यानंतर मी काम घेणार नाही.’ त्यांच्या आवाजात मी इतका आनंद पूर्वी ऐकला नव्हता. आयुष्यभर लोकांच्या उपयोगाचं बांधलेल्या माणसाला एकदा लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी बांधायचं होतं, आणि ते त्याला मिळावं असं मला मनापासून वाटत होतं.

आता बिनखांबाच्या पोर्चची गोम सांगते, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाकरी दोन्ही हातांवर आडवी धरली तर ती मधोमध खाली वाकते आणि चीर पडते ती खालच्या अंगाला. तीच भाकरी एका कडेला चिमटीत धरली तर बाहेरचा भाग लोंबतो आणि चीर पडते वरच्या अंगाला, अगदी बोटांजवळ. जिथं चीर पडणार तिथं सळई हवी. म्हणून घराच्या साध्या स्लॅबात मुख्य सळया तळाशी असतात आणि हवेत धरलेल्या पोर्चमध्ये त्या वर असाव्या लागतात. त्या वर राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळयांचे छोटे घोडे ठेवतात. घोडे मोडले आणि सळया तळाला गेल्या, तर कितीही जाड सळई असली तरी ती नसल्यासारखीच.

स्लॅबच्या आधी बैठकीत मी विचारलं, परकी नजर कोणाची? सगळे हसले. संघटनेचं घर, सगळेच मालक, परका आणायचा कुठून? उपाध्यक्ष म्हणाले, ‘मॅडम, एवढे इंजिनियर तिथं असणार. एक सोडून पन्नास नजरा आहेत.’ मला ते अजिबात पटलं नाही. सगळे बघणार म्हणजे कुणीच बघणार नाही, हे मी लग्नघरात जेवणाच्या बाबतीत कितीदा तरी बघितलंय. मी म्हटलं, डिझाईन माझं नाही, देखरेख माझी नाही, तेव्हा मीच बघणार. सर म्हणाले, ‘बघ की. तुला कोण अडवणार?’

आदल्या दिवशी संध्याकाळी मी पोर्चवर जाऊन आले. काम सुंदर होतं. वरच्या सळयांखाली माझी मूठ सहज जात होती. ठेकेदार पाथर्डीकडचा, माझ्या कितीतरी कामांवर असलेला. तो म्हणाला, ‘सायबांचं काम हाय म्हनून सवता बांधून घेतलंय, म्याडम.’ मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहासमोर मांडव, सनई, पाहुण्यांसाठी खुर्च्या. जिल्हाभरातून सभासद आले होते, कुटुंबासकट, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. प्रमुख पाहुणे साखर कारखान्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ होते. त्यांच्या हस्ते पोर्चवर नारळ फोडून पहिलं घमेलं टाकायचं ठरलं होतं. मी खाली फाटकाशी त्यांच्या स्वागताला थांबले होते, शाल हातात घेऊन. एवढ्यात वरून हशा आणि टाळ्या ऐकू आल्या. पाहिलं तर अख्खी संघटना पोर्चवर चढून फोटोसाठी उभी होती, तीन ओळींत, पांढऱ्या हेल्मेटांत. मधोमध सर. मागच्यांचे चेहरे दिसेनात म्हणून फोटोग्राफर त्यांना पुढे सरकवत होता, आणखी पुढे, अगदी कडेपर्यंत.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला तो अध्यक्षाला सोडून फोटो काढला याचा. पाहुणे आल्यावर त्यांना खुर्ची देऊन मी साडीचा पदर खोचला आणि शिडीनं वर गेले ते सगळ्यांना सुनवायलाच. तोवर फोटो झाला होता, माणसं उतरायला लागली होती. मी काही बोलण्याआधी माझी नजर पायाखाली गेली.

घोडे आडवे झाले होते. बुटांखाली सळया दबून थेट फळ्यांना टेकल्या होत्या. मी वाकून हात घातला. मूठ सोडा, बोट जाईना. या सळया वर का ठेवायच्या ते फोटोतल्या प्रत्येकाला कॉलेजात शिकवलं होतं. मजूर सळयांवरून चालला असता तर यातल्या प्रत्येकानं त्याला हटकलं असतं. पण त्या दिवशी ते इंजिनियर नव्हते, घरचे होते, आणि घरचा माणूस स्वतःच्या घरात पाय कुठं पडतोय ते बघत नाही.

फाटकातून काँक्रीटची गाडी आत येत होती. खाली पाहुणे नारळ घेऊन उभे राहिले. सर शिडीपाशी होते, चेहरा फुललेला. मला म्हणाले, ‘चल, म्हण आता. टाका म्हण.’

त्या क्षणी मला एकच गोष्ट दिसत होती. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव बघतंय, आणि मी आता जो शब्द बोलणार आहे तो सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडावर बसणार आहे. मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला. त्यांनी तरी तिथं उभं राहायला नको होतं. पण काय बोलायचं याबद्दल मनात तिळभर शंका नव्हती.

मी म्हटलं, ‘थांबा.’

सनई वाजतच होती, म्हणून आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. उपाध्यक्ष लगबगीनं आले. ‘मॅडम, चार सळया दबल्या असतील, काँक्रीट टाकता टाकता आकड्यानं वर ओढून घेतील. सगळीकडे असंच करतात.’ मी म्हटलं, ‘सगळीकडे करतात म्हणून तर आपण ही रीत पाडली.’ ते बाजूला झाले. सर मात्र पुढे आले. परक्या नजरेशी जागेवर वाद घालायचा नाही, हा नियम ज्यांनी केला त्यांनीच तो मोडला.

‘मी डिझाईन केलंय हे. त्यात किती ताकद राखून ठेवलीय ते मला माहीत आहे. चार माणसं उभी राहिल्यानं काही होत नाही.’

‘सर, डिझाईनला मी काही म्हणतच नाही. तुमच्या डिझाईनमध्ये सळई वर आहे. इथं ती खाली आहे. इथं हात घालून बघा.’

त्यांनी हात घातला नाही. माझ्याकडे बघितलं, हेल्मेट काढलं आणि शिडी उतरून मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मग मी कामाला लागले, कारण उभं राहून वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. गाडीतलं काँक्रीट माझ्यासाठी थांबणार नव्हतं. मागची जाळी जागेवर होती, ती बघून घेतली आणि ठेकेदाराला म्हटलं, सभागृहाच्या मागच्या भिंतीकडून सुरुवात करा, पुढे यायला दुपार होईल, तोवर पोर्चची जाळी उचलून नवे घोडे ठेवा, जास्त आणि जवळजवळ. त्यावर चालायला फळ्या टाका, आणि फळ्यांवर तुमच्या माणसांशिवाय कुणी आला तर मला हाक मारा. तो म्हणाला, ‘सायबांना काय सांगू?’ मी म्हटलं, साहेबांना मी सांगते. पाहुण्यांना मागच्या बाजूला नेलं. ते शहाणे गृहस्थ होते, म्हणाले, ‘बॉयलरला आग लावायची तर आमचा केमिस्टबी पानी तपासल्याबिगर आसंच थांबवतो. त्याला आमी काय बोलत न्हाई.’ आणि त्यांनी मागच्या कोपऱ्यात आनंदानं नारळ फोडला.

दुपारी मी पुन्हा हात घातला, मूठ गेली, आणि मी टाका म्हटलं. पोर्चचा स्लॅब पडला. मी मांडवाकडे पाहिलं तर शेवटची खुर्ची रिकामी होती. सर कधी गेले ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा पोर्च त्यांनी पडताना बघितला नाही, हे मला फार लागलं. जेवणाच्या पंगतीत सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मी अर्ध्या ताटावरून उठले.

त्यानंतर मी सरांच्या घरी फोन केले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, उचलायच्या आणि म्हणायच्या, झोपलेत गं. सर दुपारी झोपत नाहीत, हे मला आणि काकूंना दोघींनाही माहीत होतं. घरी गेले तर बागेत पाणी घालत होते, पाणी घालतच राहिले. मी गुलाबाचं कौतुक केलं, ते हूं म्हणाले. मी माफी मागायला गेले नव्हते. माफी मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं, आणि खोटी माफी त्यांनी माझ्याकडून घेतलीही नसती. पण माझा माणूस माझ्याशी बोलत नाही याचं दुःख होत होतं, ते होतंच. पोर्चवर रोज पाणी मारलं जात होतं. सगळ्या सभागृहाखालचे टेकू निघाले, पोर्चखालचे तेवढे जास्त दिवस ठेवले होते.

ते काढायच्या दिवशी मी सरांना कळवलं नाही. कळवलं असतं तर आले नसते, असं मला वाटलं. आम्ही थोडेच जण होतो, मांडव नाही, सनई नाही. ठेकेदाराची माणसं हातोड्या घेऊन तयार होती. तेवढ्यात फाटकातून सरांची स्कूटर आली. त्यांनी ती नेहमीसारखी भिंतीला खेटून लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि पोर्चसमोर येऊन उभे राहिले. ठेकेदारानं सवयीनं त्यांनाच विचारलं, ‘सायेब, काढू का टेकू?’

सर म्हणाले, ‘मला कशाला विचारतोस? मी तर सळईवर उभा राहून फोटो काढून घेतला. मॅडमना विचार.’

सगळ्यांसमोर बोलले, अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मग ते चालत गेले आणि थेट पोर्चखाली, टेकूंच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, ‘सर, टेकू काढताना खाली कुणी उभं राहायचं नसतं.’

‘माहीत आहे. नियम मीच केलाय.’

‘मग बाहेर या.’

‘थांबव की मला,’ ते म्हणाले. ‘तुला थांबवता येतं.’

ते हसत नव्हते. त्या दिवशी त्यांनी हात घालून बघितलं नव्हतं, आज माझ्या शब्दावर ते स्वतःच खाली उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, मग वर पोर्चकडे. त्या काँक्रीटच्या आत प्रत्येक सळई कुठं आहे ते मला ठाऊक होतं, मी स्वतः हात घालून बघितलं होतं. मी ठेकेदाराकडे वळले आणि म्हणाले, ‘काढा. बाहेरच्या कडेकडून.’

कडेचा पहिला टेकू निघाला, मग त्याच्या आतला. पोर्च जेवढा वाकायला हवा तेवढा, डोळ्याला दिसणार नाही एवढाच, वाकला असेल. हातोड्याचे ठोके आत आत सरकत सरांपर्यंत गेले, माणसांनी त्यांच्या दोन्ही बाजूंचे टेकू काढले, आणि ते हलले नाहीत. वरही बघत नव्हते. सबंध वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटचा टेकू आडवा झाला तेव्हा त्या एवढ्या मोठ्या छपराखाली ते एकटेच राहिले. त्यांनी हातानं मला आत बोलावलं. मला रडू आलं होतं आणि मी ते लपवलं नाही, तशीच आत गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.